सेल्फ लागत नाही: स्टार्टरचा दोष नेमका कसा शोधावा आणि तो घरच्या घरी कसा बदलावा

किल्ली फिरवल्यावर इंजिन उठत नाही, नुसता ‘टक्’ असा आवाज येतो किंवा तोही येत नाही, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी पहिले निदान येते ते ‘सेल्फ गेला’ हेच. ते कधी बरोबर निघते, पण तितक्याच वेळा चुकतेही, कारण स्टार्टरपर्यंत पुरेशी वीज न पोहोचणे आणि पोहोचलेली वीज स्टार्टरला वापरता न येणे या दोन अगदी वेगळ्या बिघाडांची बाहेरून दिसणारी लक्षणे जवळजवळ सारखी असतात. मी पहिल्यांदा स्वतः स्टार्टर उतरवला तेव्हा अख्खी दुपार गाडीखाली गेली, नवा स्टार्टर बसवला आणि किल्ली फिरवल्यावर पुन्हा तोच ‘टक्’ ऐकू आला. दोष इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत होता. पट्टी वरून धडधाकट दिसत होती, पण तिच्या टोकाच्या कडीखाली गंजाचा पापुद्रा जमला होता. तेव्हापासून बोल्टला पाना लावण्याआधी मल्टीमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारे यंत्र) लावायचा हा नियम मी पाळत आलो आहे, आणि या लेखाचा मोठा भाग निदानासाठी राखून ठेवला आहे तोही त्यामुळेच.

येथे दिलेली माहिती १२ व्होल्टची बॅटरी आणि फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकाला, दात लावून इंजिन फिरवणारा नेहमीचा स्टार्टर असलेल्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. हायब्रिड गाड्यांमध्ये इंजिन सुरू करण्याचे काम अनेकदा उच्च विद्युत दाबाची (व्होल्टेजची) मोटार करते. त्या गाड्यांतील केशरी रंगाच्या केबलना घरी हात लावू नये.

स्टार्टरच्या आत काय घडते

आतली रचना ठाऊक असली की पुढच्या प्रत्येक चाचणीचा अर्थ आपोआप लागतो, म्हणून ती आधी समजून घ्यावी. स्टार्टर म्हणजे वास्तविक दोन वस्तू: एक ताकदवान मोटार आणि तिच्या पाठीवर बसवलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच. सोलेनॉइडवर सहसा तीन जोडण्या असतात. बॅटरीकडून येणारी जाड केबल जिथे बसते ते टर्मिनल ३०. किल्ली फिरवल्यावर जिथे हुकुमाची वीज येते ते बारीक तारेचे टर्मिनल ५०. आणि सोलेनॉइडमधून मोटारीत वीज जाते तो तिसरा, जाड स्टड (आटे असलेली खुंटी).

किल्ली ‘स्टार्ट’वर नेली की टर्मिनल ५० ला वीज मिळते आणि सोलेनॉइडमधील दोन गुंडाळ्या एकाच वेळी चुंबक बनतात. त्यांतली एक ओढणारी आणि दुसरी धरून ठेवणारी असते. त्यांच्या ओढीने आतला लोखंडी प्लंजर मागे सरकतो आणि एकाच हालचालीत दोन कामे करतो: एका बाजूला तो दुशाख्या तरफेने पिनियन (मोटारीच्या दांड्यावरचे लहान दातेरी चाक) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये, म्हणजे त्याच्या कडेच्या दातेरी कड्यात, अडकवतो आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून मोटारीला थेट बॅटरीशी जोडतो. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ हा या प्लंजरचा असतो. संपर्क जुळताच ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब मिळतो, त्यामुळे ती निष्क्रिय होते आणि प्लंजर जागेवर ठेवण्याची सगळी जबाबदारी धरून ठेवणाऱ्या गुंडाळीवर येते. इंजिन सुरू झाल्यावर फ्लायव्हीलने उलट मोटारीलाच गरगरा फिरवू नये म्हणून पिनियनच्या मागे एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. कारागीर त्यालाच बेंडिक्स म्हणतात.

या सगळ्यात सांभाळून लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे प्रवाहाचा आकार. लहान पेट्रोल इंजिन फिरवताना स्टार्टर साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो, तर डिझेल इंजिनाला याहून बरेच जास्त लागतात. गाडीतील दुसरे कोणतेही उपकरण याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, काचा वरखाली होतात, म्हणजे बॅटरी आणि जोडण्या ठीक आहेत, हा निष्कर्ष काढता येत नाही.

आवाज काय सांगतो

पहिली चाचणी कानांची आणि डोळ्यांची आहे. रात्री किंवा बंद जागेत गाडी उभी असताना हेडलाइट लावावेत, ते भिंतीवर पडू द्यावेत आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून उजेडाकडे पाहावे. दिवे जवळजवळ विझले आणि इंजिन हललेच नाही, तर बॅटरी उतरलेली असण्याची किंवा बॅटरीच्या टर्मिनलची पकड बिघडलेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. एक ठळक ‘टक्’ आला पण उजेडात फरक पडला नाही, तर प्लंजर सरकला खरा, परंतु मोटारीत प्रवाह शिरलाच नाही. म्हणजे सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क जळले आहेत किंवा मोटारीतले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले आहेत. बॅटरी भरलेली असूनही उजेड खूप मंदावला आणि इंजिन जागचे हलले नाही, तर मोटार प्रवाह ओढते आहे पण फिरू शकत नाही, असा अर्थ होतो. येथे दोष मोटारीत असेल किंवा इंजिनच अडकलेले असेल.

मशीनगनसारखा ‘टकटकटकटक’ आवाज आला तर बहुधा बॅटरीच कमकुवत असते. संपर्क जुळताच मोटार प्रवाह ओढते, दाब कोसळतो, धरून ठेवणाऱ्या गुंडाळीची शक्ती संपते, प्लंजर सुटतो. तो सुटला की दाब पुन्हा वर येतो, प्लंजर पुन्हा ओढला जातो, आणि हे चक्र चालू राहते. क्वचित धरून ठेवणारी गुंडाळीच तुटल्यामुळेही असे होते, पण त्या निष्कर्षावर बॅटरी तपासल्यानंतरच यावे.

मोटार ‘घुर्र’ करून मोकळी फिरते आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा पिनियनचा क्लच घसरतो आहे किंवा पिनियन पुढे सरकत नाही असे समजावे. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा करकर आवाज म्हणजे पिनियन आणि रिंग गिअर यांचे दात नीट जुळत नाहीत. हा आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, असे असेल तर संशय रिंग गिअरवर घ्यावा, कारण चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा फ्लायव्हीलच्या त्याच दोन ठिकाणी येऊन थांबते आणि दात तेवढ्याच जागी झिजतात. किल्ली सोडल्यावरही स्टार्टर फिरतच राहिला, तर संपर्क चिकटले आहेत किंवा रिले (बारीक प्रवाहाने चालणारा विजेचा स्विच) अडकला आहे. अशा वेळी इंजिन बंद करून बॅटरीची ऋण केबल शक्य तितक्या लवकर काढावी, अन्यथा काही मिनिटांत मोटार जळते.

काहीच आवाज आला नाही तर आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये आहे का, क्लच पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सुरू न होणारी गाडी असेल तर त्या पेडलचा स्विच काम करतो का, आणि पॅनेलवर इमोबिलायझरचा (किल्ली न ओळखल्यास गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत तर नाही ना, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. फ्यूज पाहावा, आणि स्टार्टरचा रिले त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहावा. फ्यूजबॉक्समध्ये अनेकदा हॉर्नचा रिले तसाच असतो.

मल्टीमीटरने निदान

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये ठेवून उभी करावी. चाचणीच्या वेळी इंजिन फिरावे पण सुरू होऊ नये, यासाठी इंधनपंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवावा. किल्ली फिरवण्यासाठी एक विश्वासू माणूस सोबत असावा आणि हात, बाही, मल्टीमीटरच्या तारा पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर आहेत हे पाहिल्याशिवाय त्याला खूण करू नये. बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघू शकतो, त्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि आसपास ठिणगी पडू देऊ नये.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी नुकतीच चालवलेली किंवा बॅटरी नुकतीच चार्ज केलेली असेल तर हेडलाइट एक-दोन मिनिटे लावून बंद करावेत, म्हणजे वरवरचा चढलेला दाब उतरतो. त्यानंतर मीटर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आणि १२ किंवा त्याखाली असेल तर ती रिकामी होत आली आहे. बॅटरी भरलेली नसताना पुढची कोणतीही चाचणी करू नये. तिचे उत्तर फसवे येते.

आता मीटर बॅटरीच्याच दोन खुंट्यांवर ठेवून किल्ली फिरवावी. सर्वसाधारण तापमानाला इंजिन फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा मोटार प्रमाणाबाहेर प्रवाह ओढते आहे. चांगली आणि भरलेली दुसरी बॅटरी लावून पाहिल्यावर या दोन शक्यता वेगळ्या होतात. दाब १२ व्होल्टच्या वरच राहिला आणि इंजिन हलले नाही, तर प्रवाह वाहतच नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी विद्युत मंडल (सर्किट) तुटलेले आहे.

यापुढची चाचणी म्हणजे दाबातील घट मोजणे, आणि माझ्या मते साऱ्या निदानाचा कणा हाच आहे. समजा एखाद्या जोडणीत गंजामुळे अवघा ०.०१ ओहम रोध निर्माण झाला आहे. साध्या मल्टीमीटरच्या ओहम मापनाला इतका लहान रोध विश्वासाने दिसत नाही. परंतु त्यातून २०० अँपिअर वाहू लागले की तेवढ्या जागी २ व्होल्ट खर्ची पडतात आणि स्टार्टरच्या वाट्याला तितके कमी येतात. म्हणून जोडणी भाराखालीच, म्हणजे किल्ली फिरवलेली असतानाच, तपासावी लागते. मीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक पिन बॅटरीच्या धन खुंटीच्या शिशावर ठेवावी, तिच्याभोवतीच्या क्लॅम्पवर नव्हे. दुसरी पिन सोलेनॉइडच्या टर्मिनल ३० वर ठेवावी आणि किल्ली फिरवायला सांगावे. मीटरने ०.५ व्होल्टपेक्षा कमी दाखवावे. त्यानंतर एक पिन ऋण खुंटीवर आणि दुसरी स्टार्टरच्या उघड्या धातूच्या अंगावर ठेवून तेच करावे. येथे घट ०.३ व्होल्टच्या आत असावी. घट जास्त आली तर पिन एकेक जोडणी मागे सरकवत जावी: खुंटीपासून क्लॅम्पपर्यंत किती, क्लॅम्पपासून केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंत किती. आकडा जिथे एकदम उडी घेतो तिथे दोष असतो. ती जोडणी उघडून धातू चमकेपर्यंत वायर ब्रशने घासावी आणि पुन्हा घट्ट करावी. पुष्कळदा काम येथेच संपते आणि स्टार्टरला हातही लावावा लागत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मोटारीत प्रवाह वाहत नसेल तर घट शून्यच दिसेल, आणि ते शून्य म्हणजे वायरिंग चांगले असल्याचा पुरावा नव्हे. घटीची चाचणी इंजिन फिरत असेल, निदान मोटार प्रवाह ओढत असेल, तेव्हाच ग्राह्य धरावी.

इंजिन अजिबात फिरत नसेल तर सोलेनॉइडवरच चौकशी करावी. ऋण पिन स्टार्टरच्या अंगावर ठेवून किल्ली फिरवलेली असताना टर्मिनल ५० तपासावे. तेथे वीजच नसेल तर स्टार्टर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे आणि शोध फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच आणि गिअर किंवा क्लचचा स्विच या दिशेने न्यावा. तेथे ११ व्होल्टच्या आसपास दाब असून ‘टक्’ येत नसेल तर दोष स्टार्टरमध्ये आहे. ‘टक्’ येतो, टर्मिनल ३० वर पुरा दाब आहे, पण मोटारीकडच्या स्टडवर काही नाही, तर संपर्क जळलेले आहेत. त्या स्टडवरही पुरा दाब पोहोचत असेल आणि मोटार स्तब्ध असेल, तर ब्रश किंवा आर्मेचर (मोटारीचा फिरता भाग) गेले. येथे एक बारकावा अनुभवी माणसालाही चकवतो: ओढणाऱ्या गुंडाळीची वाट मोटारीच्या ब्रशमधूनच अर्थकडे जाते, त्यामुळे ब्रश पूर्ण झिजून सुटले की सोलेनॉइड चांगला असूनही ‘टक्’ येत नाही.

ब्रशचा संशय असेल तर किल्ली फिरवलेली असताना मोटारीच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके टकटक करून पाहावे. स्टार्टर चालू झाला तर ब्रश शेवटच्या घटका मोजत आहेत असे समजावे. हातोडीचे घाव घालू नयेत. अनेक मोटारींमध्ये आत चिकटवलेले फेराइटचे चुंबक असतात आणि ते काचेसारखे तडकतात. तसेच स्क्रूड्रायव्हरने टर्मिनल ३० आणि ५० जोडून स्टार्टर फिरवण्याची जी रीत दिसते ती गाडीवर वापरू नये; गाडी चुकून गिअरमध्ये असेल तर ती समोरच्या माणसावर चालून जाते.

स्टार्टर उतरवण्याच्या निर्णयापूर्वी इंजिन हाताने फिरते याची खात्री करावी. किल्ली काढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावे. ते जोर लागूनही सलग फिरले पाहिजे. गाडी खोल पाण्यातून गेलेली असेल आणि इंजिन एका जागी टणक अडत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. अशा वेळी पुन्हा किल्ली फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

उतरवण्यापूर्वीची तयारी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण स्टार्टर बहुधा एक्झॉस्टच्या शेजारीच असतो. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा. मग बॅटरीची ऋण केबल काढावी आणि ती परत खुंटीला टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी. ऋण आधी काढण्यामागे साधे कारण आहे: धन बाजूचा नट सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्टसर्किट होते, पण ऋण केबल आधीच काढलेली असेल तर त्या स्पर्शाने काही बिघडत नाही. टर्मिनल ३० च्या केबलमध्ये सहसा फ्यूज नसतो आणि ती किल्ली बंद असतानाही जिवंत असते, म्हणून ही पायरी कधीही वगळू नये.

गाडीखाली जावे लागणार असेल तर चाकांना ठोकळे लावावेत, गाडी नेमून दिलेल्या जागी जॅकने उचलावी, स्टँडवर टेकवावी आणि खाली शिरण्यापूर्वी बाजूने जोराने हलवून पाहावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली एक क्षणही जाऊ नये. जॅक सरकला तर माणसाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

स्टार्टर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे असतो. बॅटरीच्या धन खुंटीवरून निघालेल्या जाड केबलचा माग काढला की तो सापडतो. काही गाड्यांत तो वरून दिसतो, काहींत एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो, तर काहींत खालचे प्लास्टिकचे कव्हर किंवा उष्णतारोधक पत्रा सोडवावा लागतो. आपल्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत ही वाट दिलेली असते. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्यावा.

जुना स्टार्टर उतरवणे

पहिल्यांदा तारा सोडवाव्यात. टर्मिनल ३० वरची रबरी टोपी मागे सारल्यावर नट दिसतो. हा स्टड सहसा तांब्याचा असल्याने मऊ असतो, आणि गंजलेला नट फिरवताना तोच फिरला तर सोलेनॉइडच्या आतली जोडणी तुटते. जुना स्टार्टर टाकायचाच असला तरी ही सवय येथेच लावून घ्यावी: तळाशी दुसरा नट असेल तर तो एका पान्याने धरावा आणि वरचा दुसऱ्या पान्याने सोडवावा. टर्मिनल ५० ची तार कुठे लहान नटाने बसवलेली असते, तर कुठे खटक्याच्या कनेक्टरने. उष्णतेने हे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून खटका पूर्ण दाबून कनेक्टरला धरूनच ओढावे. तारेला धरून ओढू नये.

आता मुख्य बोल्ट. ते दोन किंवा तीन असतात आणि त्यांतला एक हमखास अशा जागी असतो की तो दिसत नाही, फक्त बोटांनी चाचपता येतो. मोबाइलचा कॅमेरा त्या फटीत नेऊन चित्रफीत घ्यावी, म्हणजे बोल्टचे डोके कोणत्या कोनात आहे ते कळते आणि एक्स्टेंशन किती लांबीचे लागेल याचा अंदाज येतो. गंज सोडवणारे तेल अर्धा तास आधी, शक्य असल्यास आदल्या रात्रीच मारून ठेवावे. सहा कोनांचाच सॉकेट वापरावा; बारा कोनांचा सॉकेट घट्ट बोल्टचे डोके गोल करून टाकतो. बोल्ट ज्या आट्यांत बसलेला आहे ते अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात, म्हणून झटक्यांऐवजी लांब दांड्याने सलग आणि वाढता जोर द्यावा. बोल्ट किंचित सुटून पुन्हा जड झाला तर तो परत थोडा आवळावा, तेल मारावे आणि मग पुन्हा सोडवावा. पुढेमागे करत गंजाचा भुगा बाहेर पडतो आणि आटे वाचतात.

सगळे बोल्ट आधी ढिले करावेत आणि शेवटचा काढताना स्टार्टरला खालून हात द्यावा. लहान गाडीचा स्टार्टर तीन ते पाच किलोचा असतो, डिझेलचा त्याहून जड. आडवे पडून एका हाताने तो पेलताना वजन दुप्पट वाटते, आणि तोंडावर पडला तर गंभीर इजा होते. बोल्टांच्या लांबी वेगळ्या असू शकतात आणि एखाद्या बोल्टाखाली अर्थिंगची पट्टीही असू शकते, म्हणून कोणता बोल्ट कुठून निघाला हे पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यातच खोचून ठेवावे. स्टार्टर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर त्या जपून ठेवाव्यात. दातांमधले अंतर त्या ठरवतात.

मोकळ्या झालेल्या भोकातून रिंग गिअर पाहण्याची ही संधी पुन्हा मिळत नाही. टॉर्च आत धरावा आणि दुसऱ्याला क्रँकची पुली हळूहळू फिरवायला सांगून फ्लायव्हीलचा पूर्ण फेरा डोळ्यांखालून घालावा. दातांच्या कडा किंचित घासलेल्या असणे स्वाभाविक आहे. परंतु काही दात अर्धे झिजलेले किंवा तुटलेले असतील तर नवा स्टार्टरही करकर आवाज करेल आणि त्याचे पिनियन लवकर खराब होईल. ते काम गिअरबॉक्स उतरवून करावे लागते.

जुना आणि नवा शेजारी ठेवून

दोन्ही स्टार्टर एकाच फळीवर ठेवावेत आणि पिनियनचे दात मोजावेत. दातांची संख्या, बोल्टांच्या भोकांतील अंतर, पिनियनचे बाहेर आलेले टोक, स्टडच्या जागा आणि तोंडाची खोली या सर्व गोष्टी जुळल्या पाहिजेत. नवा स्टार्टर आकाराने लहान असेल तर घाबरू नये. आतमध्ये वेग कमी करणारे गिअर असलेल्या मोटारी लहान आणि हलक्या असूनही पुरेसा जोर देतात.

नवा स्टार्टर बसवण्याआधी जमिनीवरच चालवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण सदोष नवा भाग बसवून पुन्हा उतरवण्याइतके कष्टाचे काम दुसरे नाही. स्टार्टर शिकंजात (व्हाइसमध्ये) घट्ट पकडावा. सुरू होताना तो अंगाला जोरदार पीळ देतो. जंपर केबलने बॅटरीचे ऋण टोक त्याच्या अंगाला आणि धन टोक टर्मिनल ३० ला जोडावे. मग ३० पासून ५० पर्यंत एका तारेने दोन सेकंद स्पर्श करावा, म्हणजे ठिणगी पडलीच तरी ती बॅटरीपासून दूर पडते. पिनियन झटक्यात पुढे यावे आणि एकसारखे फिरावे. तार काढताच ते मागे जावे. बॅटरी वेगळी केल्यावर पिनियन हाताने फिरवून पाहावे: एका दिशेने ते मोकळे फिरले पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने आर्मेचरला पकडले पाहिजे.

हीच चाचणी जुन्यावरही करावी. दोष फक्त ब्रशचा किंवा सोलेनॉइडच्या संपर्कांचा असेल आणि ते भाग सुटे मिळत असतील, तर जुना स्टार्टर दुरुस्त करून ठेवता येतो. गुंडाळ्या जळल्याचा वास येत असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. साफसफाई करताना पिनियनचा क्लच पेट्रोलने धुऊ नये. आतले कायमचे ग्रीस धुऊन जाते आणि तो थोड्याच दिवसांत घसरू लागतो.

बसवणे

स्टार्टरचे तोंड आणि गिअरबॉक्सवरची त्याची बैठक हीच मोटारीची अर्थिंग असते, म्हणून दोन्ही पृष्ठभाग वायर ब्रशने स्वच्छ करावेत आणि रंग, तेल, गंज यांचा अंशही ठेवू नये. स्टार्टर सरळ आत न्यावा, तो बैठकीवर पूर्ण टेकला आहे हे बोटाने कडेने फिरवून पाहावे आणि सर्व बोल्ट हाताने किमान तीन-चार आटे फिरवावेत. बोल्टने ओढून स्टार्टर जागेवर आणण्याचा प्रयत्न कधीही करू नये. बोल्टचे भोक असलेली अ‍ॅल्युमिनियमची पाकळी त्यानेच तुटते. त्यानंतर बोल्ट आळीपाळीने आवळावेत आणि शेवटचा जोर पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतका टॉर्क पान्याने द्यावा.

केबलची कडी घासून चमकवावी आणि ती बॉडीला किंवा एक्झॉस्टला घासणार नाही अशा कोनात बसवावी. नट पक्का हवा, पण स्टड मऊ असल्याने त्यावर लांब पान्याचा जोर लावू नये. बारीक तारेचा कनेक्टर खटका वाजेपर्यंत दाबावा आणि रबरी टोपी परत चढवावी. काढलेली अर्थिंगची पट्टी, पत्रा, फिल्टरचा डबा हे सर्व जागच्या जागी गेल्यावर हत्यारे मोजून घ्यावीत आणि मगच बॅटरीची ऋण केबल जोडावी. त्या वेळी बारीक ठिणगी पडणे नेहमीचे आहे. मोठी ठिणगी पडून केबल गरम होऊ लागली तर ती लगेच काढावी आणि टर्मिनल ३० ची जोडणी तपासावी.

पहिल्यांदा किल्ली फिरवताना

इंधनपंपाचा फ्यूज बाहेरच ठेवून किल्ली तीन-चार सेकंद फिरवावी आणि ऐकावे. फिरण्याचा आवाज एकसारखा असावा. करकर आली तर पुढे प्रयत्न करू नये. चकती राहिली असेल, स्टार्टर तिरका बसला असेल किंवा भाग चुकीचा असेल. आवाज ठीक वाटल्यावर दाबाच्या घटीची चाचणी पुन्हा करावी. दोन्ही बाजूंचे आकडे आणि इंजिन फिरताना बॅटरीवर राहणारा दाब तारखेसह लिहून ठेवावेत, कारण पुढे कधी स्टार्टर मंदावल्याचा संशय आला तर तुलनेला याहून चांगला आधार मिळत नाही. मग फ्यूज लावून इंजिन सुरू करावे आणि बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान दाब येतो का ते पाहावे. अल्टरनेटर चार्ज करत नसेल तर बॅटरी अर्धवट राहील, आणि कमी दाबावर रखडत फिरणारी मोटार जास्त तापते व तिचे ब्रश आणि संपर्क लवकर जळतात.

इंजिन एका दमात सुरू झाले नाही तर दहा सेकंदांहून अधिक वेळ किल्ली धरून ठेवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्यावे. ही मोटार सलग चालण्यासाठी बनवलेलीच नसते. तिच्या गुंडाळ्यांतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढत जातो. गाडी गरम असतानाच सेल्फ जड होण्याच्या तक्रारीमागेही बरेचदा हेच कारण असते, आणि काढलेला उष्णतारोधक पत्रा परत न बसवल्यास ती तक्रार नव्या स्टार्टरलाही लागते.

जुना स्टार्टर तेलाने माखलेला निघाला असेल, तर तेल कुठून येते हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नये. ते बहुधा वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून ओघळत येते किंवा क्रँकच्या मागच्या सीलमधून झिरपते. तेल आणि कार्बनची भुकटी मिळून ब्रशच्या घरात चिकट लगदा होतो, ब्रश अडकून बसतात आणि कम्युटेटरवर (आर्मेचरवरच्या, ब्रश टेकतात त्या तांब्याच्या कड्यावर) टेकत नाहीत. इंजिनाची ती बाजू पुसून कोरडी करावी, गाडी दोन-तीन दिवस चालवावी आणि मग टॉर्च घेऊन ओल्या रेषेचा उगम शोधावा. त्याच फेरीत स्टार्टरचे बोल्ट आणि टर्मिनल ३० चा नट पुन्हा तपासून घ्यावा, मात्र नटाला पाना लावण्याआधी बॅटरीची ऋण केबल पुन्हा काढावी.